रंगकामाच्या सांडपाण्यातला रंग हायड्रोजेलने काढायचा, तर आधी आपलं पाणी ओळखा

प्रयोगशाळेच्या टेबलावर हे काम फार देखणं दिसतं. बीकरभर डिस्टिल्ड पाणी, त्यात चिमूटभर मेथिलिन ब्ल्यू, वरून अल्जिनेटच्या, म्हणजे समुद्री शेवाळापासून काढलेल्या जेलच्या, शंभरेक गोळ्या. संध्याकाळपर्यंत पाणी जवळजवळ नितळ आणि गोळ्या गडद निळ्या. मीही पहिल्यांदा हेच केलं, फोटो काढले आणि खूश झालो. मग इचलकरंजीतल्या एका प्रोसेस हाऊसमधून, म्हणजे कापड धुऊन-रंगवून देणाऱ्या कारखान्यातून, जिगर या रंगवण्याच्या यंत्राखालचं पाणी कॅनमध्ये भरून आणलं आणि तशाच गोळ्या त्यात टाकल्या. सकाळी बघतो तर गोळ्याच नाहीत. तळाशी शेंबडासारखा थर, आणि पाणी होतं तसंच लाल.

चूक गोळ्यांची नव्हती. सुती कापड रंगवताना बहुतेक ठिकाणी धाग्याला रासायनिक बंधाने पकडणारे रिअ‍ॅक्टिव्ह रंग वापरतात. त्या बाथमध्ये लिटरला चाळीस-पन्नास ग्रॅम, गडद शेडला त्याहूनही जास्त ग्लाबर सॉल्ट (सोडियम सल्फेट) किंवा साधं मीठ असतं. वरून सोडा अ‍ॅश टाकून पीएच ११ च्या आसपास नेलेला असतो. अल्जिनेटची गोळी उभी असते ती कॅल्शियमने साखळ्यांना घातलेल्या टाक्यांवर. पाण्यात सोडियम इतका झाला की तो कॅल्शियमला हुसकावतो, सोड्यातला कार्बोनेट उरलेला कॅल्शियम चुनखडीसारखा खाली बसवतो, आणि टाके उसवले की गोळी विरघळते. शिवाय मेथिलिन ब्ल्यू धनभारित, तर रिअ‍ॅक्टिव्ह रंग ऋणभारित. अल्जिनेटही ऋणभारित. म्हणजे गोळ्या टिकल्या असत्या तरी त्यांनी रंगाला दारातूनच परत पाठवलं असतं.

म्हणून पुढे जे सांगतो आहे ते मेथिलिन ब्ल्यूसाठी नाही. सुती कापडाच्या प्रोसेसिंगमधून निघणारा रिअ‍ॅक्टिव्ह रंग डोळ्यांपुढे ठेवूनच सगळं लिहिलं आहे.

पाणी कुठलं घ्यायचं

हायड्रोजेल म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या लांब साखळ्यांचं जाळं. बाळाच्या डायपरमध्ये असतं ते, मऊ कॉन्टॅक्ट लेन्समध्ये असतं तेही. जाळ्यावर जे रासायनिक गट असतील त्यांना विरुद्ध भाराचे रंग चिकटतात. रंग नाहीसा होत नाही, पाण्यातून उचलून गोळीत ठेवला जातो, एवढंच. हे डोक्यात पक्कं बसलं की बरेच चुकीचे खर्च टळतात.

प्रोसेस हाऊसमध्ये एकच सांडपाणी नसतं. डिसायझिंगचं, म्हणजे कापडाची खळ काढण्याचं वेगळं, त्यात स्टार्च. स्कावरिंग-ब्लीचिंगचं वेगळं, त्यात कॉस्टिक आणि पेरॉक्साइड. रंगाच्या बाथचं पहिलं पाणी सगळ्यात खारट आणि गडद. त्यानंतर थंड पाण्याच्या धुण्या, मग उकळत्या साबणाचं सोपिंग, मग पुन्हा धुण्या. हे सगळं एका नाल्यात सोडून तिथे गोळ्या लावणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं, अगदी शब्दशः. हायड्रोजेलला सगळ्यात मानवतं ते सोपिंगनंतरच्या धुण्यांचं पाणी: मीठ कमी, साबण कमी, रंग थोडा पण हट्टी. सोपिंगच्या पाण्यातला साबण ऋणभारित असतो, तो रंगाच्या आधी गोळीवरच्या जागा पटकावतो. त्यामुळे ते पाणी वेगळ्या पाइपने ईटीपीकडे, म्हणजे कारखान्याच्या सांडपाणी शुद्धीकरण संयंत्राकडे वळवावं. नाला वेगळा करायला प्लंबर लागतो, केमिस्ट नाही. पण या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात फायद्याचा खर्च तोच, असं माझं मत आहे.

नमुना घेताना एकदाच बाटली भरून चालत नाही. शिफ्टभर दर तासाला थोडं थोडं पाणी जमवा आणि प्रत्येक वेळी पीएच, टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) आणि तापमान लिहून ठेवा. कारागिराला विचारा की आज कुठल्या शेडचा लॉट आहे आणि रंग कोणता. हा रंग डिस्पर्स असेल, म्हणजे पॉलिएस्टरचा, तर हायड्रोजेलचा नाद सोडा. तो मुळात पाण्यात विरघळलेला नसतो, पीएसीसारख्या गाळ बसवणाऱ्या रसायनाने किंवा फेरस-चुन्याने बराचसा खाली बसतो. व्हॅट आणि सल्फर रंगांचंही ऑक्सिडाइझ झाल्यावर तसंच. रिअ‍ॅक्टिव्ह मात्र पाण्यात इतका सहज विरघळतो की त्या मात्रेने थोडाच उतरतो. शिवाय धुलाई आणि उन्हाला दाद देऊ नये म्हणूनच तो बनवलेला असल्याने जैविक टाकीतले जिवाणूही त्याला फारसे शिवत नाहीत. हायड्रोजेलची खरी जागा इथे आहे.

गोळी कसली

ऋणभारित रंगासाठी धनभारित जाळं हवं. सगळ्यात हाताशी असलेला पदार्थ म्हणजे कायटोसान. कोळंबी आणि खेकड्याच्या टरफलांतल्या कायटिनपासून तो बनतो. त्याच्या साखळीवर अमाइन गट असतात. पीएच साडेसहाच्या खाली गेला की ते प्रोटॉन घेतात आणि धनभारित होतात. पीएच १० ला ते उदासीन असतात, म्हणजे कारखान्यातून निघालेल्या पाण्यात कायटोसानची गोळी निव्वळ बसून राहते. चार-पाच पीएचला ती सगळ्यात भुकेली असते. पण तिथेच दुसरी गोम आहे: आम्लात कायटोसान विरघळतं. म्हणून साखळ्या एकमेकींना बांधाव्या लागतात, म्हणजे क्रॉसलिंकिंग.

चतुर्थक अमोनियम गट बसवलेलं जेल कुठल्याही पीएचला धनभारित राहतं. ते मिळालं तर उत्तमच, पण ते बनवताना लागणारी रसायनं घरगुती पातळीवर हाताळण्यासारखी नाहीत. सुरुवात कायटोसाननेच करा.

गोळ्या पाडणं

दोन ग्रॅम कायटोसान, शंभर मिलिलिटर दोन टक्के अ‍ॅसेटिक आम्ल. हळूहळू ढवळत मिसळा आणि रात्रभर ठेवा. सकाळी पातळ मधासारखा, किंचित पिवळसर द्रव मिळतो. मलमलीतून गाळा, न विरघळलेले कण सुईत अडकतात. नंतर तासभर तसाच राहू द्या म्हणजे बुडबुडे वर येतील. बुडबुडा अडकलेली गोळी पाण्यावर तरंगते आणि कॉलममधून वर निघून जाते.

दुसऱ्या भांड्यात लिटरला वीस ग्रॅम कॉस्टिक सोडा. हातमोजे आणि चष्मा लावल्याशिवाय याला हात लावायचा नाही. सिरिंजला सुई लावून सात-आठ सेंटिमीटर उंचीवरून थेंब थेंब सोडा. थेंब पडताक्षणी पांढरा होतो आणि खाली बसतो. फार जवळून सोडला तर गोळीला शेपूट येते, फार उंचावरून सोडला तर ती चपटी होते. द्रव खूप घट्ट असला तरी शेपूट येतेच, मग थोडं आम्लयुक्त पाणी घालून पातळ करा. नीट जमलेली गोळी खिचडीसाठी भिजवलेल्या साबुदाण्यासारखी दिसते, दोन-तीन मिलिमीटरची.

सिरिंजने गोळ्या पाडणं पोरखेळ वाटतं कित्येकांना. पण १९६० मध्ये द्राहोस्लाव लिम यांच्यासह मऊ हायड्रोजेल जगापुढे आणणाऱ्या चेक रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्तर्ले यांनी पुढच्याच वर्षीच्या नाताळात कॉन्टॅक्ट लेन्स ओतायचं यंत्र मुलाच्या खेळण्यातल्या धातूच्या पट्ट्या जोडून घरी बनवलं होतं. आपल्याकडे निदान सिरिंज तरी आहे.

गोळ्या कॉस्टिकमध्ये चार तास ठेवून पीएच सातला येईपर्यंत धुवा. यासाठी बरंच पाणी जातं, कंटाळा करू नका. मग क्रॉसलिंकिंग. कॉलेजच्या प्रयोगशाळेत सर्वसाधारणपणे ग्लुटराल्डिहाइड वापरतात. २५ टक्क्यांच्या बाटलीतलं एक मिलिलिटर शंभर मिलिलिटर पाण्यात, त्यात गोळ्या चार तास. हे काम फ्यूम हूडमध्येच, म्हणजे वाफा बाहेर ओढणाऱ्या बंदिस्त कपाटातच करायचं. त्याची वाफ डोळ्यांना आणि फुप्फुसांना झोंबते, आणि एकदा अ‍ॅलर्जी जडली की ती जन्मभराची होऊ शकते. कारखान्याच्या कोपऱ्यात पंखा लावून हे करू नये. गोळ्या पांढऱ्याच्या पिवळट-तपकिरी होतात. ग्लुटराल्डिहाइड अमाइन गटांनाच पकडतं, म्हणजे रंग धरणाऱ्या जागाच खर्च होतात. जास्त घातलं की गोळी दणकट होते आणि उपाशीही राहते. कमीत कमी किती पुरतं ते शोधण्यासाठी एक सोपी चाचणी: पाच गोळ्या दोन टक्के अ‍ॅसेटिक आम्लात २४ तास ठेवा. टिकल्या तर तेवढं पुरे.

गोळ्या वाळवू नका. वाळल्यावर त्या मोहरीएवढ्या होतात, आतली छिद्रं मिटतात आणि पुन्हा भिजवल्या तरी पूर्वीसारख्या फुगत नाहीत. पाण्यात, फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर ठेवल्या की बुरशी धरते. मात्र हिशेबासाठी दहा ग्रॅम ओल्या गोळ्या वेगळ्या काढून पूर्ण वाळवा आणि वजन करा. बहुधा अर्ध्या ग्रॅमच्या आसपास भरेल. उरलेलं सगळं पाणी.

मोजायचं कसं

डोळ्यांवर विसंबू नका. पातळ झालेला रंगही डोळ्यांना गेल्यासारखा वाटतो. कलरिमीटर किंवा स्पेक्ट्रोफोटोमीटर हवा, जवळच्या कॉलेजात असतोच. एकच रंग असेल तर तो ज्या तरंगलांबीला सगळ्यात जास्त शोषतो तिथे वाचन घ्या. रिअ‍ॅक्टिव्ह ब्लॅक ५ साठी ती ५९७ नॅनोमीटरच्या आसपास आहे. ठाऊक प्रमाणाची पाच-सहा द्रावणं करून सरळ रेष काढा, मग नमुन्याचं वाचन तिच्यावर बसवा. खऱ्या सांडपाण्यात तीन-चार रंग मिसळलेले असतात. तिथे ४३६, ५२५ आणि ६२० नॅनोमीटर अशा तीन ठिकाणी वाचून आधी-नंतर तुलना करा. काही रंग पीएच बदलला की छटा बदलतात, म्हणून दोन्ही वाचनं एकाच पीएचला. आणि एक बीकर बिनागोळ्यांचा, एक साध्या पाण्यात गोळ्या टाकलेला, असे दोन साक्षीदार नेहमी सोबत ठेवा.

हिशेब असा: सुरुवातीचं प्रमाण वजा शेवटचं प्रमाण, गुणिले पाण्याचे लिटर, भागिले गोळ्यांचं कोरडं वजन. शंभर मिलिलिटर पाणी ५० वरून ८ मिलिग्रॅम/लिटरवर आलं आणि गोळ्या ०.२ ग्रॅम कोरड्या, तर ग्रॅममागे २१ मिलिग्रॅम. नुसते टक्के लिहून ठेवू नका. बादलीभर गोळ्या टाकल्या तर कोणाचेही ९९ टक्के येतात.

चाचण्यांसाठी रंगाची पावडर थेट पाण्यात विरघळवून वापरणं ही सर्रास होणारी चूक. नाल्यातला रंग हायड्रोलाइझ झालेला असतो, म्हणजे धाग्याला पकडणारा त्याचा हात पाण्याने आधीच मोडलेला असतो. पावडरीतल्या रंगाचा तो हात शाबूत असतो. आम्लात तो गप्प बसतो, पण पुढे कॉस्टिकने गोळी धुताना तो कायटोसानलाच कायमचा चिकटू शकतो. मग आपण म्हणतो गोळ्या रिजनरेट होत नाहीत, म्हणजे रंग सोडून पुन्हा वापरण्याजोग्या होत नाहीत. म्हणून पावडरीचं द्रावण आधी सोडा अ‍ॅशने पीएच ११ ला नेऊन ८० अंशांवर दोन तास ठेवा, गार करा, मग आम्लाने पीएच उतरवा.

चाचण्यांचा क्रम पीएच, मग वेळ, मग मीठ. पीएच ४, ५, ६, ७, ८ असे पाच बीकर. बहुतेक वेळा चारला सगळ्यात जास्त रंग बसेल, पण लगेच चार ठरवून मोकळे होऊ नका. सोड्याचं पाणी चारला आणायला आम्ल बरंच लागतं, फेस येतो, आणि घातलेलं प्रत्येक थेंब टीडीएस वाढवतं. बाहेर सोडताना पीएच ६.५ ते ८.५ हवाच असतो, म्हणजे परत वर न्या. पीएच ६ ला अर्धी भूक मिळत असेल तर मी सहाच पत्करेन.

वेळेची चाचणी करताना एक गंमत करा. एका तासाने, चार तासांनी आणि दुसऱ्या दिवशी एकेक गोळी काढून ब्लेडने मधोमध कापा. तासाभराने कडेला केसाएवढी निळी रिंग आणि आत पांढरा गर दिसेल. चार तासांनी रिंग जाड झालेली. दुसऱ्या दिवशी मध्यापर्यंत रंग, किंवा मध्ये अजूनही पांढरा ठिपका. रंगाचा मोठा रेणू जेलमध्ये रांगतच जातो. या कापातून जे कळतं ते संगणकावर समीकरणं बसवून कळत नाही. शोषणाच्या वेगासाठी नेहमी वापरतात त्या स्यूडो सेकंड ऑर्डर समीकरणाची रेष जवळपास कुठल्याही आकडेवारीवर बसते, त्यामुळे ती बसली याचा फार आनंद मानू नये. गोळी लहान केली की वेळ झपाट्याने कमी होतो, पण कॉलम तुंबण्याची भीती वाढते.

आता मीठ. हायड्रोलाइझ केलेला तोच रंग, पण पाण्यात लिटरमागे शून्य, ५, २० आणि ५० ग्रॅम सोडियम सल्फेट. बहुधा इथेच फुगा फुटतो. रंगारी बाथमध्ये मीठ का घालतो? सूत पाण्यात ऋणभारित, रंगही ऋणभारित, दोघांमधली फारकत मीठ झाकतं आणि रंग सुतावर ढकलला जातो. आपल्या गोळीवर भार विरुद्ध आहे. तिथे तेच मीठ ओढ झाकून टाकतं, आणि दोन ऋणभारांचा सल्फेट रंगाच्या जागेवर स्वतः जाऊन बसतो. कापडावर रंग चढवणारं मीठ गोळीवरचा रंग उतरवतं. शून्य ते ५ ग्रॅमपर्यंत चांगला रंग उचलणारी गोळी पन्नासला ढेपाळली, तर ती गोळी वाईट नाही, तिला धुण्यांचं पाणीच द्यायला हवं.

याच वेळी एका बीकरमध्ये गोळ्यांऐवजी त्यांच्या कोरड्या वजनाएवढाच अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन टाका. बाजारात सहज मिळणाऱ्या मालापेक्षा आपला माल सरस नसेल, तर ते आत्ताच कळलेलं बरं.

कॉलम

पाच सेंटिमीटर व्यासाची पारदर्शक अ‍ॅक्रिलिक नळी, तळाशी नायलॉनची जाळी, तीस सेंटिमीटर उंच थर. हा थर ५९० मिलिलिटरच्या आसपास भरतो. पाण्याला त्यातून जायला अर्धा तास द्यायचा तर मिनिटाला वीस मिलिलिटर सोडायचं, म्हणजे दिवसाचे २४ तास चालवूनही जेमतेम २९ लिटर. पाणी खालून वर न्या. वरून सोडलं तर मऊ गोळ्या एकमेकींवर दाबून चपट्या होतात आणि वाट बंद होते. नळी गच्च भरू नका, पीएच बदलला की गोळ्या फुगतात. माझी पहिली नळी रात्रीत बुचासकट उखडली होती. वर एक तृतीयांश जागा मोकळी हवी. आणि कॉलमआधी वाळूचा फिल्टर. कापडाचे तंतू आले की दोन दिवसांत नमदा तयार होतो.

दर तासाला बाहेरच्या पाण्याचं वाचन घ्या. आधी बराच वेळ नितळ, मग हळूच छटा, मग भराभर चढ. छटा दिसू लागते तो क्षण लिहून ठेवा. नळीतून रंग चढत जाताना दिसतो, आणि एका बाजूने झराझरा चढला तर समजा थरात वाट पडली आहे.

मोठ्या प्रमाणाचा हिशेब कागदावरच करून बघा. दिवसाला एक लाख लिटर धुणीचं पाणी, त्यातून लिटरमागे ३० मिलिग्रॅम रंग काढायचा, म्हणजे रोज तीन किलो रंग. गोळी ग्रॅममागे ५० मिलिग्रॅम घेत असेल तर ६० किलो कोरड्या, म्हणजे बाराशे किलो ओल्या गोळ्या. अर्ध्या तासाचा संपर्क द्यायचा तर थर दोन हजार लिटरहून मोठा. आणि हेच पाणी आधी रंग न उतरवता, लिटरमागे २०० मिलिग्रॅमने घेतलं, तर रोज आठ टन ओल्या गोळ्या. म्हणून आधी पीएसी, जैविक टाकी, वाळू आणि सगळ्यात शेवटी जेल. केंद्राच्या २०१६ च्या अधिसूचनेत कापड उद्योगाच्या पाण्याला रंगाची मर्यादा १५० प्लॅटिनम-कोबाल्ट एकक (पाण्याचा रंग मोजायचं माप) आहे. बाकी सगळं करून अडलेला शेवटचा टप्पा तिथवर आणणं हे जेलचं काम. टीडीएस ते कमी करत नाही. त्यासाठी आरओच लागतो.

कुणी म्हणेल, एवढं कशाला, ब्लीच ओतलं की रंग उडतो. उडतो खरा. पण रेणूचे तुकडे आणि क्लोरीन जोडलेली संयुगं पाण्यातच राहतात, फक्त दिसत नाहीत.

भरलेल्या गोळ्यांचं काय

लिटरला चार ग्रॅम कॉस्टिकच्या द्रावणात गोळ्या तीन-चार तास ठेवल्या की अमाइनचा भार जातो आणि रंग सुटतो. पाणी जितकं कमी वापराल तितकं पुढचं ओझं कमी. नंतर गोळ्या धुऊन पीएच ५ च्या पाण्यात ठेवल्या की पुन्हा तयार. प्रत्येक फेरीत भूक थोडी घटते. फेरीगणिक आकडा लिहा आणि पहिल्याच्या निम्म्यावर आला की त्या गोळ्या निवृत्त करा.

हातात आता दोन वस्तू आहेत: गडद अल्कलाइन पाणी आणि थकलेल्या गोळ्या. दोन्ही नाल्यात किंवा घंटागाडीत जाता कामा नयेत. १९७४ चा जलप्रदूषण कायदा आणि २०१६ चे घातक कचरा नियम दोन्ही इथे लागू होतात. ईटीपीचा स्लज जसा तळोजा किंवा रांजणगावसारख्या अधिकृत केंद्राकडे जातो, तशाच या गोळ्याही प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीत नोंदवून, ड्रमवर चिठ्ठी लावून पाठवायच्या. तिथे पैसे वजनावर जातात, म्हणून आधी वाळवा. बाराशे किलोचे साठ किलो होतात. वाळवायच्या त्या पत्र्याच्या शेडखाली, कठडा असलेल्या फरशीवर. मी एकदा अर्धवट निथळलेल्या गोळ्या उघड्या अंगणात ताडपत्रीवर पसरल्या आणि जेवायला गेलो. वळवाची सर दहा मिनिटंच आली. सिमेंटवर उतरलेला तो किरमिजी ओघळ पुढचा अख्खा पावसाळा गेला तरी फिका झाला नव्हता.